टोपणावरचं कुंकू

१

मैना थांबलीच नाही, असं शेषगिरीरावांचं म्हणणं. मैना थांबली ती सुटेचना, असं हरिप्रियाचं. वर्णनं एकाच अपघाताची होती, आणि त्यांच्यामधल्या फरकावर रंगा मेकॅनिकची जन्मभराची अब्रू टांगलेली होती.

मैना ही दोन सीटांची, बाटलीहिरव्या रंगाची इंग्रजी स्पोर्ट्स कार. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून बालाजीरावांच्या वडिलांनी ती साठच्या दशकात घेतली. तिला छप्पर आहे, पण ते चढवेपर्यंत पाऊस थांबतो. मायलापूरच्या घरामागच्या शेडमध्ये ती राहते आणि घरी आलेले पाहुणे माणसांच्या आधी तिची तब्येत विचारतात.

गेल्या रविवारी सकाळी ईसीआरवर, म्हणजे समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट रोडवर, कोवलमच्या अलीकडे, बालाजीरावांची नात हरिप्रिया मैना चालवत होती. ताता, म्हणजे आजोबा, शेजारी बसले होते. गतिरोधक आला, तिने ब्रेक दाबला, पाय काढला. ब्रेक काही निघाला नाही. पुढच्या चाकांतून धूर आला, गाडी गर्रकन फिरली आणि शहाळ्यांच्या ढिगाला धक्का देऊन सुरूच्या झाडांखालच्या वाळूत जाऊन बसली. शहाळी लोळली, बालाजीरावांचं मनगट मोडलं, मडगार्डला पोचा आला. घरात हळहळ झाली ती याच्या उलट क्रमाने.

शेषगिरीराव हे जुन्या मोटारींच्या क्लबचे सेक्रेटरी आणि बालाजीरावांच्या पत्नी राजसबाई यांचे चुलतभाऊ. सेक्रेटरी म्हटल्यावर परिपत्रक काढणं आलंच. मैनेचं ब्रेक ऑइल रंगाने नुकतंच बदललं होतं. ब्रेकला हात लावणारा दुसरा कुणी नाही. सबब रंगाच्या हातची कोणतीही गाडी पुढच्या रविवारच्या रॅलीत धावणार नाही. चेन्नईतल्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्या रंगाच्याच हातच्या. त्याने गॅरेजचं शटर ओढून घेतलं होतं.

तेव्हा हरिप्रियाने ओळखीच्या विद्युलता खासनीस यांना फोन केला.

विद्युलताबाई मूळच्या साताऱ्याच्या. चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात गुणवत्ता-तपासणीत त्यांची नोकरी झाली. जे गळायला नको ते का गळलं आणि जे अडकायला नको ते का अडकलं, एवढंच त्यांनी आयुष्यभर शोधलं. निवृत्तीनंतर हे कौशल्य नवऱ्यावर वापरून पाहिलं. पण त्यात रहस्य फारसं निघालं नाही.

"आंटी, प्लीज या," हरिप्रिया म्हणाली. "रंगा अंकलनी मला ड्रायव्हिंग शिकवलंय. ते असं करणारच नाहीत. आणि ताता तर काही बोलतच नाहीत."

विद्युलताबाई गेल्या. ओसरीवरच्या खुर्चीत बालाजीराव बसले होते. उजव्या मनगटाला प्लास्टर, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. जुन्या तंजावरी वळणाच्या मराठीत ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "चौकशी नको मा. मनगट माझें, गाडी माझी. मी कोणास विचारलें काय?"

ज्याचं हाड मोडलं त्याच्याखेरीज सगळ्यांना उत्तर हवं होतं. विद्युलताबाईंनी हे मनात एका कोपऱ्यात ठेवलं आणि शेडची किल्ली मागितली.

२

शेडमध्ये पेट्रोल, रबर आणि कापूर यांचा एकत्र वास होता. आयुधपूजा, म्हणजे तंजावरच्या मराठ्यांची खंडेनवमी, होऊन काही आठवडेच उलटले होते. पान्यांवर, जॅकवर, स्टिअरिंगवर, कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर गंध-कुंकवाचे छोटे नेटके ठिपके अजून होते. सगळे एकाच बोटाचे.

"अपघातानंतर बॉनेट कुणी उघडलं?"

"कुणीच नाही. शेषगिरी मामा-तातांनी सांगितलं, एव्हिडन्स आहे, हात लावायचा नाही."

"शेषगिरीरावांचं हे काम बाकी चोख झालं," विद्युलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी बॉनेट उचललं.

ब्रेक ऑइलचा पत्र्याचा डबा इंजिनाच्या मागच्या भिंतीला बसवलेला होता. डबा मुठीएवढा, वर फिरकीचं टोपण. टोपणाच्या कडेवर कुंकवाचा ठिपका होता. तो अर्धा टोपणावर आणि अर्धा डब्याच्या गळ्यावर पडला होता. वाळून कडक झालेला, मधे कुठेही चीर नाही.

विद्युलताबाई बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. कारखान्यात नट आवळला की नट आणि बोल्ट दोघांवरून रंगाची एकच रेघ ओढत. नंतर कुणी नट फिरवला तर रेघ मोडायची. इथे तीच रेघ देवाच्या नावाने ओढलेली होती.

"हरिप्रिया, पूजेनंतर हे टोपण कुणी उघडलेलं नाही. ना रंगाने, ना तू, ना शेषगिरीरावांनी, ना रस्त्यावरच्या कुणी."

मग त्यांनी खाली पाहिलं. डब्याखालच्या हिरव्या रंगावर एक ओघळ उतरला होता, त्यावर धूळ चिकटलेली. नेहमीचं ब्रेक ऑइल म्हणजे गाडीच्या रंगाचा वैरी. थेंब पडला आणि पुसायचा राहिला की रंगाचे पापुद्रे सुटतात. इथे मात्र ओघळाखालचा रंग आजूबाजूच्या रंगापेक्षाही चकाकत होता. ओघळ सुरू होत होता तिथे कुंकू थोडं विरघळून तांबूस वर्तुळ झालं होतं.

त्यांनी फोटो काढले आणि टोपण फिरवलं. कुंकू तडकलं. टोपणातली रबरी चकती अप्पमसारखी फुगली होती. डबा काठोकाठ भरलेला होता आणि आत द्रवाचे दोन थर होते. खालचा मधाच्या रंगाचा, वरचा फिकट पिवळा. दोघं शेजाऱ्यांसारखे एकमेकांत न मिसळता राहत होते.

वरच्या थरातलं थोडं त्यांनी ड्रॉपरने एका कुपीत घेतलं. "ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेलं असतं. भलतं काही आत गेलं की फुगतं. फुगलं की सिलिंडरात घट्ट बसतं. ब्रेक लागतो, पण सुटत नाही. तुझंच खरं होतं."

हरिप्रियाच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं.

"फार खूश होऊ नकोस," विद्युलताबाई म्हणाल्या. "पूजेच्या सकाळी रंगाने ऑइल बदललं, असं तूच म्हणालीस. त्यानंतर आणि कुंकवाच्या आधी हे भलतं आत गेलं. म्हणजे घातलं ते घरातल्याच कुणीतरी. नाहीतर रंगानेच."

फळीवर डबे, चिंध्या, एक मोडकी टॉर्च आणि सुई नसलेली एक इंजेक्शनची पिचकारी पडली होती. विद्युलताबाईंनी सहज तिचा दट्ट्या ओढून पाहिला. तो अडकला होता.

३

रंगाचं गॅरेज मंदवेलीत. शटर अर्धं खाली होतं आणि त्याखालून फक्त रंगाचे पाय आणि स्टुलाचे पाय दिसत होते. रंगासुद्धा तंजावरी मराठीच. फरक इतकाच की बालाजीराव जे सौम्यपणे सांगत, तेच रंगा रंगमंचावर उभा असल्यासारखा सांगे.

"या मा, या. खुनी इथेंच राहतो. चहा घेतां? त्यांत कांहीं घातलें नाहीं."

"दोन चमचे साखर घाला," विद्युलताबाई वाकून आत शिरल्या. "पूजेच्या दिवशी काय केलंत ते सांगा."

"काय सांगूं? सकाळीं गेलों. जुनें ऑइल सगळें काढलें. हरिप्रियेनें ब्रेक दाबला, मीं चाकापाशीं बसून हवा सोडली. चारी चाकें. नवें ऑइल सीलबंद डब्यांतलें, तिच्याचसमोर फोडलेलें. हें ऑइल हवेंतलें पाणी पितें मा, आणि चेन्नईची हवा म्हणजे पिण्याचेंच पाणी. उघडा डबा मी दुसऱ्या दिवशीं वापरीत नाहीं."

"डबा किती भरलात?"

"बोटभर जागा सोडून. मी काठोकाठ भरतों काय? गरम झालें कीं तें जाईल कुठें?"

विद्युलताबाईंनी मान डोलावली. काठोकाठ भरणारा मेकॅनिक नव्हता. काठोकाठ भरणं हे पाहुण्याला वाढणाऱ्याचं काम.

"इंजेक्शनची पिचकारी वापरता?"

"मी गाडीस टोचतों काय? बाटली आणि नळी, बस."

"आणखी एक विचारते, रागावू नका. दर आठवड्याला टोपण उघडून पातळी बघता ना?"

रंगाने चहाचा ग्लास ओठाला लावला, खाली ठेवला.

"बघतों."

"या वेळी पाहिलीत?"

"राजसबाई अम्मांनीं कुंकूं लावलें होतें," तो म्हणाला. "टोपणावर. तें मोडून कसें उघडूं? आपोआप गळून पडलें कीं बघूं म्हटलें. बोटानें डबा वाजवून पाहिला, भरलेला वाजला."

"दरवर्षी असंच?"

"दरवर्षीं असेंच. कधीं कांहीं झालें नाहीं पा," रंगा म्हणाला. चिडला की त्याला समोर बाई आहे की बुवा याचं भान राहत नसे. "आणि एक सांगूं? विष शोधायचें तर माझ्या दुकानांत नको. त्या पोरीच्या कपाटांत बघा. जांभळी बाटली आहे."

४

जांभळी बाटली हरिप्रियाच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे होती.

"हे सिलिकॉन आहे, आंटी," ती घाईघाईने म्हणाली. "इंग्लंडहून मागवलं. नवीन रबरांच्या किटबरोबर. सगळे फोरम्स म्हणतात, जुन्या गाडीला हेच बेस्ट. पाणी शोषत नाही, पेंट खराब करत नाही. रंगा अंकल म्हणाले, हे पावशेर जांभूळ-सरबत माझ्या गाडीत जाणार नाही. त्यावर आमचं भांडण झालं. पण मी बाटली उघडलीसुद्धा नाही."

विद्युलताबाईंनी बाटली उजेडात धरली. सील तुटलेलं होतं आणि बाटलीची मान रिकामी होती.

सिलिकॉन पत्र्यावरच्या रंगाला धक्का लावत नाही. ते नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये मिसळत नाही. वर तरंगतं. जांभळा रंग हळूहळू उडून पिवळटसुद्धा होतो. मैनेच्या डब्यात जे काही दिसलं होतं, त्याला हे सगळं कुरकुर न करता लागू पडत होतं.

"मग हे कुठे गेलं?"

हरिप्रिया पलंगावर बसली. तिचं मराठी अशा वेळी तिला सोडून जायचं, आणि तमिळ-इंग्रजी धावत यायची. शेवटी बाहेर आलं ते असं: ताताच्या जुन्या स्कूटरच्या पत्र्यावर तिने थोडं ओतून ठेवलं होतं, खरंच पेंट सोलत नाही का ते बघायला. सोलला नाही. पण रंगा अंकलचा शब्द मोडून बाटली उघडली हे सांगायची तिला लाज वाटली होती.

"आणि मैनेत नाही घातलं?"

"नाही. प्रॉमिस. मिक्स केलं तर काय होतं ते मला माहितीये. आंटी, मी स्वतः गाडी चालवत होते. शेजारी ताता होते."

हा मुद्दा बिनतोड होता. पण अजाणता चुकणारा माणूससुद्धा हेच आणि याच आवाजात म्हणतो. विद्युलताबाईंनी पर्समधल्या कुपीवरून हात फिरवला. आतला थर सिलिकॉन असेल तर रंगा सुटत होता आणि ही मुलगी अडकत होती. जिने बोलावलं तिलाच पकडून द्यायचं, हा योग नोकरीत त्यांना दोनदा आला होता. दोन्ही वेळा जेवण गेलं नव्हतं.

"शेडमधली इंजेक्शनची पिचकारी कुणाची?"

"ताताची असेल. का?"

"दट्ट्या अडकलाय," विद्युलताबाई म्हणाल्या. "अगदी मैनेच्या ब्रेकसारखा."

५

शेषगिरीराव बैठकीत आधीच येऊन बसले होते. फिल्टर कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेला, त्यांनी परिपत्रकावर ठेवला होता.

"हें पाहा मा, माझें रंगाशीं वैर नाहीं. पण रॅलीत शंभर माणसें रस्त्यावर येतात. कुणाच्या गाडीखालीं कोणी आलें तर सेक्रेटरी कोण? मी."

"मैना विकत मागणाराही तुम्हीच ना?"

"दरवर्षीं मागतों. दरवर्षीं नाहीं म्हणतात. नाहीं म्हणाले कीं अक्काच्या हातचें जेवून परत जातों. हा आमचा सण आहे." त्यांनी कॉफी उंचावरून ओतली. "जी गाडी मला हवी, तिचे ब्रेक मीच बिघडवूं काय? बायको करण्याआधीं तिचे दात पाडावे तसें झालें तें."

तसंही कुंकवाने त्यांना केव्हाच सोडलं होतं. खंडेनवमीला ते बंगळुरूला लेकीकडे होते. विद्युलताबाईंनी एकच प्रश्न विचारला, "रंगा निर्दोष निघाला तर?"

शेषगिरीरावांनी टंबलर खाली ठेवला. "तर दुसरें परिपत्रक काढीन. पहिल्याहून मोठ्या अक्षरांत. पण मला कारण पाहिजे. तोंडाची वाफ नको."

राजसबाई आतून चण्यांच्या सुंडलची वाटी घेऊन आल्या. लहानखुऱ्या, नऊवारीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "खा मा," त्या विद्युलताबाईंना म्हणाल्या. "कालपासून त्या मेल्या गाडीभोंवतीं फिरतां आहां. तिचें पोट भरलेलें असतें. तुमचें कोण भरेल?"

हरिप्रियाने वातावरण हलकं करायला फोन पुढे केला. "आंटी, हे बघा, दरवर्षीची पूजा. मैना काय दिसते ना?"

विद्युलताबाईंनी चणे खात खात फोटो सरकवले. यंदाचा, गेल्या वर्षीचा, त्याच्या आधीचा. उघडं बॉनेट, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. पान्यांवर, जॅकवर, स्टिअरिंगवर तेच छोटे नेटके ठिपके.

मग त्यांचा हात थांबला. त्यांनी गेल्या वर्षीचा फोटो मोठा केला. त्याच्या आधीचाही. मग यंदाचा.

यंदा टोपणावरचा ठिपका इतर ठिपक्यांसारखाच होता. आधीच्या दोन्ही वर्षी मात्र तिथे ठिपका नव्हता. तिथे एक जाडजूड फराटा होता, लावता लावता हात हलल्यासारखा. सगळ्या शेडमध्ये फक्त त्या एका जागी.

खिडकीतून ओसरी दिसत होती. बालाजीराव डाव्या हाताने डोळ्यांत थेंब घालत होते. अर्धे गालावर जात होते.

विद्युलताबाईंनी वाटी खाली ठेवली. "राजसबाई, दिवे लावायची वेळ झाली ना? आज एक-दोन दिवे मी लावू का?"

६

त्यांनी रंगालाही बोलावून घेतलं. तो आला, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. तेव्हा बालाजीरावांची खुर्ची उंबऱ्याजवळ आणण्यात आली. दोघं एकमेकांकडे न बघता शेजारीशेजारी बसले.

"ब्रेक बिघडवायचे असते," विद्युलताबाईंनी सुरुवात केली, "तर माणूस ऑइल काढून घेतो, नळी कापतो. इथे कुणी काढलं नाही, घातलं. तेही काठोकाठ. हा घातपात नव्हे, हा पाहुणचार आहे. प्रश्न एवढाच की वाढलं काय."

त्यांनी दोन निरांजनं पुढे ओढली. एकात जांभळ्या बाटलीतलं सिलिकॉन घातलं, दुसऱ्यात कुपीतला पिवळा थर. दोन्हींत वात भिजवली. काडी ओढली.

सिलिकॉनमधली वात काळवंडली, नुसती धुरकटली, विझली. हरिप्रियाने रोखून धरलेला श्वास सोडला.

दुसरी वात लागली. ज्योत सरळ उभी राहिली. कडुनिंबाचा आणि मोहाचा ओळखीचा वास हॉलभर पसरला. राजसबाईंनी नकळत हात जोडले.

मग जोडलेले हात तसेच राहिले.

"हें आमच्या देवघरांतलें तेल," त्या हळूच म्हणाल्या.

"नको मा," बालाजीराव म्हणाले. "पुढें नको."

"पुढे तुम्हीच सांगा, राव," विद्युलताबाई म्हणाल्या. "नाही तर मी सांगते."

राजसबाईच बोलू लागल्या. त्या या घरात सून म्हणून आल्या ते साल मैनेच्याही आगमनाचं. सासरे इंजिनियर. दर खंडेनवमीला ते ब्रेकचं जुनं ऑइल काढून नवं घालीत. "तेव्हां तें एरंडेलाचेंच असे. मिळालें नाहीं कीं मामंजी घरींच एरंडेल अन् स्पिरिट मिसळीत. देवाच्या दिव्यालाही तेंच एरंडेल. नवी सून म्हणून पहिली पळी माझ्या हातून घालून घेतली. मामंजी गेले. मीं पळी सोडली नाहीं. कुळाचार आहे म्हटलें."

"तो कुळाचार नव्हता," विद्युलताबाई म्हणाल्या. "ती सर्व्हिसिंगची तारीख होती. खंडेनवमी कुणी विसरत नाही, म्हणून त्यांनी ती निवडली. हुशार माणूस. फक्त सांगायचं राहिलं. आता ब्रेक ऑइल बदललं, आतली रबरं बदलली, आणि देवघरातलं तेलही बदललं. हल्ली दुकानात मिळतं ते पाच तेलांचं मिश्रण. दिव्याला ठीक. रबराला नाही."

"पण पाट्टी दरवर्षी घालते, तर ब्रेक यंदाच का अडकले?" हरिप्रियाने आजीकडे बघत विचारलं.

"कारण दरवर्षी कुणीतरी ते काढून घेत होतं. तेल हलकं, वर तरंगतं. राजसबाई कुंकू लावून नैवेद्य आणायला आत जातात, तेवढ्यात टोपण उघडायचं, पिचकारीने वरचं तेल ओढायचं, टोपण लावायचं आणि मोडलेल्या कुंकवावर आपलं बोट फिरवायचं. जाड बोट, म्हणून फराटा. त्याच तेलाने पिचकारीचाही दट्ट्या फुगून अडकला. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं. डॉक्टरांनी खाली वाकायचं नाही म्हणून बजावलेलं. आणि पिचकारीचं गुपित दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं. यंदाचा ठिपका नेटका राहिला. तेलही आत राहिलं. रंगाने कुंकवाला मान देऊन टोपण उघडलं नाही, हरिप्रियाने रंगाचं बघून उघडलं नाही. मैना आठवड्यामागून आठवडे खड्ड्यांतून हलत राहिली आणि तेल खाली झिरपत गेलं."

रंगाने मान वळवून बालाजीरावांकडे पाहिलं.

"बालाजीराव," विद्युलताबाईंचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला, "धूर निघाला त्याच क्षणी तुम्हाला कळलं होतं. बायकोला बोल लागू नये म्हणून गप्प बसलात, हे समजू शकते. पण तुमच्या गप्प बसण्याची किंमत रंगाने मोजली."

बालाजीरावांनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, ऑपरेशनमुळे किंवा आणखी कशाने.

"रंगा मला क्षमा करील, ही खात्री होती," ते म्हणाले. "हिला कळलें कीं आपल्या हातून नातीचा जीव जात होता, तर ही स्वतःला क्षमा करणार नाहीं, हीही खात्री होती. मग मीं सोपा माणूस निवडला. चुकलों, रंगा."

रंगा छताकडे बघत होता. "मी सोपा?" तो म्हणाला. "जन्मांत मला कोणी सोपा म्हटलें नाहीं पा." आणि त्याने धोतराच्या सोग्याने नाक पुसलं.

राजसबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. "पिचकारी मला ठाऊक होती," त्या म्हणाल्या.

बालाजीरावांचा चष्मा हातातून मांडीवर पडला.

"स्वयंपाकघराच्या खिडकींतून शेड दिसते. दरवर्षीं पाहत होतें. नैवेद्य दाखवून झाला कीं आपण उचलतोंच ना? देव थोडाच खातो. मला वाटलें, तुम्हीं मैनेचा प्रसाद काढून घेतां. यंदा घेतला नाहीं, तर म्हटलें डोळा दुखतो, राहूं दे. विचारायचें कशाला?"

ऐंशीच्या घरातल्या त्या दोघांनी संसारातलं एकच गुपित इतकी वर्षं एकमेकांपासून जपलं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. शेषगिरीरावांनी आपलं परिपत्रक उचललं, त्याची चौघडी घातली आणि विझलेल्या निरांजनाखाली ठेवली.

"मोठा कागद आहे काय घरांत?" त्यांनी विचारलं.

७

पुढचे दिवस शेडमध्ये गर्दी होती. रंगाने सगळे सिलिंडर उतरवले, नळ्या धुऊन काढल्या, फुगलेली रबरं एका ताटलीत मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. हरिप्रियाच्या पार्सलमधली नवी रबरं बसली. आता सगळंच कोरं झालं होतं, त्यामुळे सिलिकॉन घालायलाही हरकत नव्हती. रंगाने स्वतःच जांभळी बाटली आणून तिच्यासमोर ठेवली.

"घाल. तुझी गाडी."

हरिप्रियाने बाटली उचलून हातात फिरवली. "आंटी, सिलिकॉन पाणी शोषत नाही. पण आपल्या हवेतलं पाणी आत तर येणारच ना? मग ते जाईल कुठे?"

"कुठे जाणार? तळाशी जाऊन बसेल, आणि तिथेच गंज धरेल."

"मग नको. पाणी पिणारंच बरं. निदान दरवर्षी बदलावं तरी लागतं." तिने बाटली परत केली. "खंडेनवमीला. पणजोबा करायचे तसंच."

रंगाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. नव्या ऑइलचा सीलबंद डबा त्याने राजसबाईंच्या पुढे धरला. पहिली पळी त्यांची. मग बाकीचं त्याने घातलं, बोटभर जागा सोडून.

रविवारी सकाळी रॅलीच्या गाड्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. रंगाच्या हातच्या सगळ्या गाड्या आल्या होत्या. शेषगिरीराव प्रत्येक बॉनेट उघडून तपासत मैनेपाशी आले आणि थबकले. अर्धा टोपणावर, अर्धा गळ्यावर, नेटका ताजा ठिपका होता. त्यांचा हात टोपणाजवळ गेला आणि मागे आला.

"उघड रे," मागून राजसबाई म्हणाल्या. त्या नऊवारीच्या ओच्यातून कुंकवाचा करंडा काढत होत्या. "मी पुन्हां लावीन. त्यासाठींच आलें आहें. आतां रंगा दर शुक्रवारीं उघडील, मी दर शुक्रवारीं लावीन."

शेषगिरीरावांनी उघडलं, पाहिलं, बंद केलं. राजसबाईंनी ठिपका लावला. मग त्यांनी करंडा नवऱ्यापुढे धरला. बालाजीरावांनी प्लास्टरमधून बाहेर आलेलं जाड बोट कुंकवात बुडवलं आणि शेजारी एक फराटा ओढला.

हरिप्रिया स्टिअरिंगवर होती आणि तिच्या शेजारच्या सीटवर रंगा बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, लग्नाला निघाल्यासारखा. विद्युलताबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. आपल्याला यात काही वाटत नाही, असा चेहरा त्यांनी कारखान्यातूनच आणला होता.

"ब्रेक?" रंगा म्हणाला.

हरिप्रियाने ब्रेक दाबला. मैना जागच्या जागी घट्ट उभी राहिली. हरिप्रियाने पाय काढला, आणि उतारावर मैना आपणहून वीतभर पुढे सरकली.